समूहातली सोबती

शाळेच्या ऑफिसात पंचवीस वर्षं कारकुनी केली की एक खोड अंगात मुरते. फॉर्मातला एकही रकाना रिकामा बघवत नाही. लागू नसेल तिथे 'निरंक' लिहायचं, पण कोरं सोडायचं नाही. दाखल्याचे कितीतरी अर्ज मी एवढ्याच कारणावरून पालकांना परत केलेत आणि त्याबद्दल शिव्याही खाल्ल्यात. मग लेखिका म्हणून इंटरनेटवर माझं स्वतःचं पान तयार करायची वेळ आली, तेव्हा मी दुसरं काय करणार? नाव, जन्मगाव, शिक्षण, नोकरी, आवड, फोटो, सगळं भरलं. शेवटी 'संपर्क' असा रकाना होता. शहाण्या माणसाने तिथे ईमेल टाकून विषय मिटवला असता. मी आमच्या जुळे सोलापुरातल्या अपार्टमेंटचा पूर्ण पत्ता टाकला, मजल्यासकट, फ्लॅट नंबरासकट, आणि माझा मोबाइल नंबरही. जवळची खूण म्हणून 'पाण्याच्या टाकीसमोर' हेही लिहिलं. परिचयाचा शेवट जिव्हाळ्याचा असावा, अशी सूचना होती. म्हणून लिहिलं, 'माझं दार वाचकांसाठी सदैव उघडं आहे.' लिहून झाल्यावर ते वाक्य मला फार आवडलं. दोनदा वाचलं.

ही सूचना ज्याची होती तो आमचा लेखकांचा समूह. सगळा कारभार मोबाइलवर. कोण कुठल्या गावचं, कुणाचा चेहरा कसा, काही माहीत नसायचं. पण त्या समूहाबद्दल वाईट बोलायला माझी जीभ रेटत नाही, हे आधीच सांगते. पुढे जे झालं त्यात चूक त्यांची नव्हती.

मी लिहायला लागले चाळिशीनंतर. दिवाळी अंकांना पाठवायचे, उत्तर यायचं नाही. साधी पोच नाही. ऑफिसात कुणाला कळलं की 'मॅडम, कविताबिविता करता म्हणे' असं म्हणून हसायचे. नवऱ्याला वाचून दाखवलं की ते मोबाइलवरून नजर न काढता 'छान आहे' म्हणायचे, आणि ते 'छान आहे' भाजीला म्हणतात त्याच सुरात असायचं. मग आई गेली. तिच्या औषधांच्या डब्यावर मी दीड पान लिहिलं. एका ओळखीच्या बाईंनी मला या समूहात घेतलं होतं, तिथे ते टाकलं आणि अंघोळीला गेले. परत येऊन बघते तर कुठल्या कुठल्या गावच्या बायका माझ्या आईच्या डब्याबद्दल बोलत होत्या. एकीने तिच्या सासऱ्यांच्या डब्याचं लिहिलं होतं. एकीने नुसतं 'मी दोनदा वाचलं' असं लिहिलं होतं. त्या दिवशी मी ऑफिसच्या रेकॉर्ड रूममध्ये जाऊन रडले. आई गेल्यावरसुद्धा मी तशी रडले नव्हते.

समूहाचे नियम तीनच होते. आधी दुसऱ्यांचं तीनदा वाचा, मग आपलं एक टाका. कौतुक चारचौघांत करा, चुका एकटीला सांगा. आणि तिसरा, सगळ्यात कडक: 'हे खरं घडलंय का?' असं कुणीही कुणाला विचारायचं नाही. इथे येतं ते सगळं कथा म्हणून वाचायचं. हा नियम का होता ते उघड आहे. समूहात बहुतेक बायकाच. सासरी कळलं तर? नवऱ्याने वाचलं तर? सगळं कथा म्हटलं की प्रत्येकीला आडोसा मिळतो. त्या नियमामुळे कितीजणींनी पहिल्यांदा तोंड उघडलं असेल, देव जाणे. आजही मला तो नियम चुकीचा वाटत नाही.

दोन वर्षांनी मला समूहप्रमुखांनी 'सोबती' केलं. म्हणजे नव्याने लिहायला येणाऱ्या बाईचं लेखन सगळ्यांच्या आधी आपण वाचायचं, तिला खाजगीत दोन गोष्टी सांगायच्या, तिची भीड मोडायची. मला केवढा आनंद झाला होता. ऑफिसात हेडक्लार्कपद माझ्या हातून गेलं तेव्हा जे वाटायला हवं होतं ते मला वाटलं नाही, कारण मी सोबती होते. माझ्या पानावरच्या परिचयात तेही लगेच घातलं.

माझ्या वाट्याला पहिल्याच आल्या त्या बार्शीकडच्या एक बाई. बार्शीपासून आणखी आत, खेड्यातल्या. फोटोच्या जागी जास्वंदीचं फूल. मला 'मॅडम' म्हणायच्या. त्यांनी पाठवलेली पहिली कथा अर्ध्या पानाची होती. एका घरात एका बाईशी कुणीच बोलत नाही. सासू नाही, नवरा नाही, दीर-जाऊ नाहीत. का, ते लिहिलेलं नव्हतं. ती बाई रोज भाकरीचं पीठ मळताना पिठालाच दिवसभराचं सगळं सांगते. शेवटची ओळ होती, 'पीठ ऐकून घेतंय. मधी बोलत न्हाय.'

ती ओळ वाचून मला चक्क हेवा वाटला. पंधरा वर्षं मी घासतेय, असं वाक्य मला सुचलेलं नाही. मी त्यांना उत्तर पाठवलं, की तुमची बोली आहे तशीच ठेवा, कुणी प्रमाण मराठीत करायला सांगितलं तर ऐकू नका. त्या 'व्हय मॅडम' म्हणाल्या. कथा समूहावर गेली आणि कौतुकाचा नुसता पाऊस पडला. अप्रतिम. काळजाला भिडलं. ताई, आम्ही सगळे तुमच्या पाठीशी आहोत. आमच्याकडे हे शेवटचं वाक्य शुभेच्छेसारखं वापरायचे. वाढदिवसालाही म्हणायचे.

दुसऱ्या कथेत त्याच बाईचं मनगट मोडतं. दवाखान्यात ती मोरीत घसरले म्हणून सांगते. घरात भाकऱ्या करायला कुणी नाही म्हणून प्लास्टर वेळेआधीच कापून काढतात आणि हात वाकडाच जुळतो. वाकड्या हाताने थापलेली भाकरी एका बाजूला जाड होते, त्यावरून पुन्हा बोलणी. बोलणी म्हणजे बोलत नाहीत तिच्याशी, तिला ऐकू जाईल असं एकमेकांत बोलतात. मी ती कथा रविवारी सकाळी, शेंगा भाजता भाजता वाचली. आणि मी त्यांना काय लिहिलं, ते अजून माझ्या फोनमध्ये आहे. 'मनगटाचं प्रतीक फार सुंदर वापरलंत. पण तीनदा येतं, त्यामुळे ताणल्यासारखं वाटतं. दोनदाच ठेवा.' त्यांनी दुरुस्त करून पाठवलं. दोनदाच ठेवलं होतं.

तिसरी कथा आली तेव्हा मला जरा कंटाळाच आला, खोटं कशाला बोलू. पुन्हा तीच बाई, पुन्हा तेच घर. या वेळी तिला गोठ्यात कोंडतात आणि ती दोन दिवस म्हशीच्या अंगाला टेकून बसते. वर्णन जबरदस्त होतं. पण मी तोवर ऑनलाइन लेखन कार्यशाळा दोन-तीन केलेल्या, डोक्यात तेच भरलेलं. नायिकेने काहीतरी केलं पाहिजे, तिच्यात बदल दिसला पाहिजे, असं सगळं. मी सोबती म्हणून लिहिलं, 'तुमची नायिका तिसऱ्या कथेतही नुसती सोसतेच आहे. अशाने वाचक थकतो. तिला आता घराबाहेर काढा.'

बऱ्याच वेळाने उत्तर आलं. 'भाईर पडून कुटं जाईल ती?'

मी लिहिलं, 'ते लेखक म्हणून तुम्ही ठरवा. कुणीतरी चांगलं माणूस असेलच की तिच्या ओळखीचं. तिथे जाईल.'

आणि मी फोन ठेवून ऑफिसला गेले. त्यांच्या ओळखीचं असं माणूस कोण होतं, हा विचार माझ्या मनाला शिवला नाही.

त्यानंतर दोन-तीन आठवड्यांनी, आमच्याकडे पाणी सोडायचा दिवस होता. आमच्या भागात पाण्याच्या दिवशी घरात दुसरं काही होत नाही. पाच-सहा दिवसांचं पाणी तेवढ्या तासाभरात भरून ठेवायचं. पिंपं, टाक्या, बादल्या, शेवटी कुकरसुद्धा. नवरा खाली मोटारीपाशी, मुलगी आत बारावीच्या पेपरचा अभ्यास करत बसलेली, आणि मी साडी खोचून पाइप धरून उभी. बेल वाजली. दारात एक बाई. हातात कापडी पिशवी, डोक्यावरून पदर, चप्पल तिने खालीच काढून हातात घेतलेली. तिशीची असेल. 'मॅडम, मी,' एवढंच म्हणाली. मी म्हटलं, कोण तुम्ही? तिने पिशवीतून फोन काढला आणि माझंच पान माझ्यासमोर धरलं. माझा फोटो, खाली पत्ता. सोलापूर स्टँडवर उतरल्यापासून रिक्षावाल्यांना तेच दाखवत आली होती. एकाला टाकी माहीत होती म्हणाली.

मी तिला आत घेतलं. पाइप हातातून सुटून मोरीभर पाणी झालं, म्हणून मी धावले, तर माझ्या मागोमाग ती आत आली आणि न बोलता बादल्या भरायला लागली. भरलेली बादली तिने उजव्या हाताने उचलली, आणि डावा हात खाली आधाराला लावला तेव्हा मला दिसलं. मनगट बाहेरच्या बाजूला वळलेलं होतं. हाड वर आलेलं.

मी तिथेच पाटावर बसले. तीनदा नको, दोनदाच ठेवा, असं मी ज्याबद्दल लिहिलं होतं ते माझ्या स्वयंपाकघरात होतं आणि माझं पिंप भरत होतं. मी नियम पाळला होता. खरं आहे का, म्हणून विचारलं नव्हतं. पण इथे समूह नव्हता, चारचौघे नव्हते, आम्ही दोघीच होतो, तरीही माझ्या तोंडून तो प्रश्न निघाला नाही. मी विचारलं, चहा घेणार का.

चहा पिताना थोडं थोडं कळत गेलं. मूलबाळ नव्हतं. आई लहानपणीच गेलेली. एक भाऊ होटगीला रेल्वेत. मी हुशारीने म्हटलं, मग होटगी इथून किती, पंधरा-वीस मिनिटं, तिथे का नाही गेलात? ती म्हणाली, त्यानेच दोन वेळा परत नेऊन सोडलं. तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. मग कप खाली ठेवून ती म्हणाली, 'मॅडम, आट दिस ऱ्हाऊ द्या. तवर बगते कुटंतरी काम. भाकऱ्या येत्यात मला. लोक घेत्यात की हितं भाकऱ्या.'

आठ दिवस. मागणं एवढंच होतं. आमच्याकडे तीन खोल्या आहेत.

मी थांबा म्हटलं आणि खाली नवऱ्याकडे गेले. ते वाईट माणूस नाहीत. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, मोटार बंद केली, हात पुसले. म्हणाले, उद्या तिच्या घरची माणसं गाडी भरून दारात येतील, तेव्हा तू बोलणार आहेस का त्यांच्याशी? पोरीचा परवा पेपर आहे. आणि ही कोण, कुठली, तू पाहिलंयस का कधी आधी? पुढची कितीतरी वर्षं मी सगळ्यांना सांगू शकले असते की नवऱ्याने नाही म्हटलं. मनातल्या मनात सांगतही आले. पण जिना उतरतानाच मी ठरवलं होतं. त्यांनी नाही म्हणावं म्हणून मी त्यांच्याकडे गेले होते, आणि त्यांनी म्हटल्यावर मला मोकळं वाटलं. हे मी आज पहिल्यांदा कबूल करतेय.

आणि आणखी एक. आमच्या शाळेच्या नोटीस बोर्डावर बायकांच्या मदतीसाठीच्या फोन नंबराचं पोस्टर आहे. ते चिकटवलं मीच. वरून आदेश आला होता, चिकटवल्याचा फोटो काढून पाठवायचा होता, तोही मीच पाठवला. त्या दिवशी ते पोस्टर मला आठवलं नाही, असं म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं. आठवलं होतं. पण फोन केला तर माझं नाव विचारतील, कोर्टकचेरी लागेल, असं वाटलं.

वर येऊन मी तिला समजावलं. किती छान शब्द होते माझ्याकडे! मी म्हटलं, असं अचानक निघून येणं बरोबर नाही, माणसं काळजी करत असतील. एकदा घरात शांतपणे बोलून बघा. तुम्ही एवढं चांगलं लिहिता, तुमच्या शब्दांत ताकद आहे. तुमच्याशी कोणी बोलत नाही ना, मग त्यांच्याशी तुम्ही बोला. ती माझ्याकडे बघत होती. मध्ये एकदाच म्हणाली, 'तुमीच म्हनला हुता की, भाईर काडा म्हनून.'

मी म्हटलं, 'अहो, ते कथेतल्या बाईला.'

'व्हय,' ती म्हणाली. वाद घातला नाही. चहाचे कप विसळून पालथे घातले आणि पिशवी उचलली. निदान ओरडली असती, रडली असती, पाय धरले असते, तर माझ्याच्याने तिला बाहेर काढवलं नसतं, असं मी स्वतःला सांगते. तेही कितपत खरं आहे, कुणास ठाऊक.

स्कूटीवरून मी तिला स्टँडवर सोडलं. दुपारची बार्शी गाडी लागलेली होती. मी तिला खिडकीची जागा बघून दिली, पाण्याची बाटली घेतली, केळी घेतली. आणि शेजारच्या दुकानातून एक दोनशे पानी वही घेऊन दिली. 'लिहीत राहा,' म्हटलं. तिने ती वही डाव्या हाताने घेतली आणि मांडीवर ठेवली. गाडी हलेपर्यंत मी उभी होते. ती एकदाही मागे वळली नाही, आणि ती वळू नये असंच मला वाटत होतं.

त्यानंतर त्यांचं जास्वंदीचं फूल समूहावरून नाहीसं झालं. मी पाठवलेला निरोप पोचलाच नाही. काही दिवसांनी एकीने विचारलं, त्या बार्शीच्या ताई दिसत नाहीत हल्ली? समूहप्रमुखांनी मला विचारलं, कारण मी सोबती. मी लिहिलं, 'घरच्या कामात व्यस्त आहेत. लवकरच नवीन कथा घेऊन येतील.' त्यावर सगळ्यांनी बदाम टाकले.

दीड-दोन महिने मी काहीच लिहिलं नाही. मग एका पहाटे उठून लिहायला बसले. शपथेवर सांगते, खरं तेच लिहायचं होतं. पाण्याचा दिवस लिहिला, पिशवी लिहिली, मनगट लिहिलं. जिना लिहिला. स्टँडपर्यंत सगळं जसंच्या तसं आलं. तिथे हात अडला. दोन पहाटे तशाच गेल्या. तिसऱ्या दिवशी मी लिहिलं की गाडी सुटते, धूळ खाली बसते, आणि ती बाई फलाटावरच उभी असते. मग आम्ही दोघी स्कूटीवरून परत घरी येतो. पुढे ती आमच्या गल्लीत कडक भाकऱ्यांचं काम सुरू करते, एका बाजूला जाड असलेल्या भाकऱ्या लोक आवडीने नेतात. फार सुरेख जमलं ते. लिहिताना मला रडू आलं, आणि ते रडू इतकं गोड होतं की लिहून झाल्यावर पोटभर जेवले.

माझ्या लेखनाला मिळालं नव्हतं एवढं सगळं त्या एका कथेला मिळालं. समूहप्रमुखांनी ती महिन्याची कथा म्हणून निवडली, सन्मानपत्र पाठवलं. लोकांनी ती इतकी पुढे पाठवली, की एके दिवशी ती माझ्याच जावेने मला पाठवली, खाली माझं नाव नव्हतं म्हणून. मग मी भांडून भांडून सगळीकडे नाव लावून घेतलं, पानाचा पत्ताही जोडायला लावला. आमच्या भागातल्या महिला मंडळाने वाचनाला बोलावलं. तिथे एक बाई डोळे पुसत म्हणाल्या, तुम्ही जगलात म्हणूनच असं लिहू शकलात. मी नुसते हात जोडले. खरं आहे का, असं मला कुणीच विचारलं नाही. तो नियम आता माझ्या कामाला येत होता.

फोन आला तो जूनमध्ये, प्रवेशाच्या गर्दीत. खिडकीबाहेर पालकांची रांग, मी एकाचा अर्ज परत करत होते. अनोळखी नंबर. उचलला तर पलीकडून हळू आवाज आला, 'मॅडम, मी.'

मी खिडकी लोटली. बाहेर लोक ओरडायला लागले.

शेजारच्या वहिनींच्या फोनवरून बोलतेय म्हणाली. तिचा फोन ती परत गेली त्याच दिवशी काढून घेतला होता. नवऱ्याने समूहावरचं एकेक कौतुक सगळ्यांना बसवून मोठ्याने वाचून दाखवलं. पाठीशी आहोत म्हणणाऱ्या प्रत्येकीचं, प्रत्येकाचं नाव घेऊन विचारलं, हा कोण, ही कोण. किती वेळ ते चाललं असेल याचा अंदाज मला होता. नावं भरपूर होती. माझंही होतं त्यात.

मग ती म्हणाली, लिवायचं आता जमत न्हाय, उजवा हात हाय तो. मला आठवत होतं, वाकडं मनगट डावं होतं.

'तुमची गोष्ट वाचली,' ती म्हणाली. 'वैनीच्या फोनवर आली हुती. लई चांगली हाय.'

लोटलेल्या खिडकीवर बाहेरून कुणीतरी टकटक करत होतं.

'ती ऱ्हाती व्हय शेवटी त्या बाईंच्यात?'

'हो,' मी म्हटलं.

'किती दिस?'

मी म्हटलं, कथेत तसे दिवस दिलेले नाहीत.

'आट दिस तरी ऱ्हायली असंल की,' ती म्हणाली. ती मला टोमणा मारत नव्हती. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

'हो. जास्तच राहिली,' मी म्हटलं.

'बरं झालं,' ती म्हणाली, आणि कुणीतरी आल्यासारखा आवाज झाला आणि फोन बंद झाला.

दिवसभर मी अर्ज तपासत राहिले. काय तपासलं, काही आठवत नाही. दुसऱ्या दिवशी शाळा भरायच्या आधी गेले, नोटीस बोर्डावरचा नंबर एका कागदावर उतरवून घेतला, आणि तो समोर ठेवून बसले. ठरवलं होतं, शेजारच्या वहिनींना फोन लावायचा, तिला बोलावून घ्यायचं, नंबर सांगायचा, आणि मी स्वतः गाडी करून न्यायला येते म्हणून सांगायचं. वाक्यं मनात दोन-तीनदा म्हणून घेतली. मग कालचा नंबर लावला.

पुरुषाचा आवाज आला. 'कोन?'

वहिनींचे मालक असतील. किंवा तिचा नवरा असेल, त्याला कुणीतरी सांगितलं असेल. किंवा आणखी कुणी. मी कागदाकडे बघत होते.

'कोन बोलतंय?' त्याने पुन्हा विचारलं.

'राँग नंबर,' मी म्हणाले आणि फोन ठेवला.